वाचक विचारतात : लिमिट नेमकी कशाची?

बँकेत लिमिट, जिनिंगवर लिमिट, कृषी केंद्रात लिमिट, कोर्टात लिमिटेशन. या महिन्यातल्या पत्रांमध्ये हा शब्द इतक्यांदा आला की सदराची सगळी जागा त्यालाच दिली. घोळ बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा आहे. आकडा कळतो, पण तो ओलांडल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. कुठं पैसे कापले जातात, कुठं माल परत येतो, कुठं नुसता दावा बुडतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत, भाषा वाचकांचीच ठेवली आहे.

प्रश्न (दारव्हा तालुका) : पाच एकर कपाशी आहे. बँकवाल्यानं लिमिट एक लाख छप्पन हजाराची सांगतली, हातात एक लाख अठरा हजारच भेटले. बाकीचे गेले कुठं? लिमिट मंजूर झाली म्हणजे तेवढे पैसे आपले न?

उत्तर : नाही. मंजूर लिमिट म्हणजे त्या खात्यावर जास्तीत जास्त किती उधारी राहू शकते तो आकडा. तेवढी रक्कम एकदम हातात द्यायलाच हवी, असा त्याचा अर्थ होत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची लिमिट अशी बांधतात. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी पिकाचा हेक्टरी कर्जदर ठरवते. त्याला पिकाच्या क्षेत्रानं गुणायचं. आलेल्या रकमेत १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, २० टक्के शेतीची अवजारं, मोटारपंप वगैरेंच्या दुरुस्ती-देखभालीसाठी, आणि वर पीकविम्याचा हप्ता धरायचा. समजा कपाशीचा दर हेक्टरी ६०,००० आहे आणि क्षेत्र २ हेक्टर. पिकाचे झाले १,२०,०००, त्यावर १२,००० आणि २४,०००. विम्याचा हप्ता सोडून बेरीज १,५६,०००. तुमचा आकडा नेमका हाच आहे, त्यामुळं शाखेनं पिकाचे १,२०,००० सोडले, त्यातून विमा आणि किरकोळ खर्चाचे दोन हजार वळते केले आणि ३६,००० खात्यात ठेवले, असं दिसतं. हे ३६,००० गेलेले नाहीत. शाखेत जाऊन तोंडी विचारू नका. एका ओळीचा अर्ज द्या : ‘मंजूर लिमिटची फोड लेखी द्यावी.’ फोड हातात आली की कोणता भाग कधी आणि कशासाठी उचलता येतो ते तिथल्या तिथं ठरतं. गावच्या सेवा सहकारी सोसायटीमार्फत कर्ज घेणाऱ्यांना बहुधा पिकापुरतीच रक्कम मिळते, हेही ध्यानात ठेवा.

हिशेब चुकतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. दर हेक्टरी असतो आणि माणूस गुणतो एकरांनी, मग लिमिट अडीचपट दिसते आणि बँकेनं फसवलं असं वाटतं. पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर. दुसरं, सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, लागवडीच्या क्षेत्रात धरत नाहीत, आणि खातं सामाईक असेल तर तुमच्या हिश्शाएवढंच क्षेत्र धरतात. भावाच्या नावचे दोन एकर तुम्ही वाहता, पण त्याची संमती कागदावर नाही, तर ते दोन एकर लिमिटच्या हिशेबात नाहीत.

लिमिट पाच वर्षांसाठी असते आणि दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते. वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी १,७१,६००, तिसऱ्या वर्षी १,८८,७६०, चौथ्या वर्षी २,०७,६३६ आणि पाचव्या वर्षी सुमारे २,२८,४००. मात्र वर्षाची उचल वर्षात फेडून खातं नियमित ठेवलं, तरच ही वाढ मिळते. व्याज लिमिटवर लागत नाही, उचललेल्या रकमेवर लागतं. ३ लाखांपर्यंत व्याजदर ७ टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचे ३ टक्के वेगळे. १,१८,००० वर्षभर वापरले तर ७ टक्क्यांनी ८,२६० होतात, वेळेत फेडल्यावर केंद्राच्या सुटीनं ४,७२० उरतात. तारीख एका दिवसानं हुकली तरी सूट जाते.

म्हणूनच गावोगाव नवं-जुनं चालतं : दोन दिवसांसाठी कोणाकडून पैसे घ्यायचे, खातं कोरं करायचं, लगेच नवी उचल करून ते परत द्यायचे. कागदावर यात गैर काही नाही. पण तो दोन दिवसांचा देणारा शेकडा दोन-तीन रुपये घेत असेल, तर सवलतीचा मोठा वाटा त्याच्याच खिशात जातो. कापूस विकला की येतील तसे पैसे खात्यात भरत गेलं तर व्याजही कमी लागतं आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होत नाही. खातं कॅश क्रेडिटचं असल्यानं भरलेले पैसे पुन्हा उचलता येतात.

आणखी दोन गोष्टी. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. आणि पीकविमा कर्जदारालाही ऐच्छिक आहे. नको असेल तर अंतिम मुदतीच्या किमान सात दिवस आधी शाखेला तसं लेखी कळवावं लागतं, नाही तर हप्ता आपोआप कापला जातो.

प्रश्न (राळेगाव तालुका) : खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा साडेतेरा निघाला आणि गाडी वापस केली. बाजूच्याचा अकरा निघाला, त्याचा घेतला पण पैसे कापले. लिमिट १२ ची आहे तर ११ वर कपात काऊन?

उत्तर : कारण तिथं रेघा दोन आहेत आणि पाटीवर मोठ्या अक्षरात एकच लिहिलेली असते. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं. ८ ते १२ च्या मध्ये दर एक टक्क्याला भावातला एक टक्का कापतं. १२ च्या वर घेतच नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. ओलावा १० असला तर १६२ रुपये २० पैसे जाऊन ७,९४७.८० मिळतील, ११ ला ७,८६६.७० आणि १२ ला ७,७८५.६०.

आता एक हिशेब, जो केंद्रावर कोणी मांडत नाही. २० क्विंटल कापूस १२ टक्के ओलाव्यानं विकला तर १,५५,७१२ रुपये येतात. तोच वाळवून ८ वर आणला तर पाणी उडून वजन साधारण १९ क्विंटल १३ किलो भरतं, आणि पूर्ण भावानं सुमारे १,५५,१५० रुपये होतात. म्हणजे जवळपास तेवढेच. कपात झाली ती पाण्याच्या वजनाची. तेव्हा ८ गाठायला आठवडाभर कापूस घरात अडवून ठेवण्यात काही हशील नाही. जपायचं ते १२ ला. कारण १२.५ निघाला तर कपात नाही, सगळी गाडीच परत, भाडं आणि नंबर दोन्ही वाया. दहा-अकराच्या आत निघेल असा बेत ठेवला की मीटरमधल्या थोड्याफार फरकाची भीती राहत नाही.

साडेतेरा का निघाला असेल? सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की सगळ्यांनाच घाई होते आणि उजाडता उजाडता वेचाई सुरू होते. दहिवर पडलेली बोंडं वेचली की ओलावा हमखास वाढतो. दहिवर उठल्यावर, ऊन लागल्यावरच हात घाला. आजची वेचणी कालच्या वाळलेल्या ढिगात मिसळू नका, कारण मीटरची काडी ओल्या थरात गेली की अख्ख्या ढिगाचा आकडा तोच लिहिला जातो. ताडपत्रीवर पातळ पसरून, दुपारी एकदा उलटून, दोन चांगली उन्हं दिली तर पुष्कळ फरक पडतो. संध्याकाळी उचलायचंच, रात्रभर उघड्यावर राहिलं की दिवसाची मेहनत गेली. आदल्या रात्री ट्रॉलीत दाबून भरून वरून प्लास्टिक बांधणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक : आत ऊब धरते, वाफ बाहेर पडत नाही, सकाळी मधला थर ओला आणि पिवळसर निघतो. कवडी, म्हणजे किडका पिवळसर कापूस, वेगळी ठेवा. ती ओलाव्यासाठी नाही, पण प्रतीसाठी गाडी अडवते.

केंद्रावर ग्रेडरला गाडीच्या निदान तीन ठिकाणी, त्यातही मध्यभागी, मोजायला सांगा आणि प्रत्येक आकडा आपल्या डोळ्यांनी पाहा. वरच्या थराचा नऊ आणि खालचा चौदा निघाला तर भांडण मीटरशी नाही, आपल्याच भरण्याशी आहे.

याच केंद्रावर तिसरी लिमिट एकरी क्विंटलची असते. ती जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेवरून हंगामागणिक ठरते. पेरा ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकाच्या ऑनलाइन नोंदीत, कपाशी म्हणून नोंदलेला नसेल, तर एकरी लिमिट कितीही असली तरी तुमच्या वाट्याला शून्य. कपास किसान ॲपवरची नोंदणी आणि सातबारा यांतलं नाव, गट नंबर जुळतो का ते वेचणीच्या आधी तपासा. गाडी जुंपल्यावर नाही.

प्रश्न (आरमोरी, एक शिक्षिका) : दहावीची मुलं लिमिट, रिस्ट्रिक्ट आणि बॅन हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. गावातल्या उदाहरणांनी फरक कसा सांगावा?

उत्तर : कृषी केंद्राच्या फळीपुढं उभं करा, तिन्ही एका जागी सापडतात.

लिमिट किती ते सांगते. लेबलावर एकरी मात्रा असते, फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते असतं, आणि भाजीत औषधाचा अंश किती चालेल त्याची कमाल अवशेष मर्यादा ठरलेली असते. त्या आकड्याच्या आत राहिलं की वापर कायदेशीर.

रिस्ट्रिक्ट कोण, कुठं, कशावर ते सांगतं. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला मनाई झाली तेव्हा ते कपाशीसाठी दुकानात मिळतच होतं. ते रिस्ट्रिक्टेड होतं, बॅन नव्हतं. ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती आणली. औषध तेच, मारणारा ठरवून दिला. कार्बोफ्युरानचं ३ टक्के दाणेदार रूप सोडून बाकी रूपं बंद केली. इथं रूप ठरवून दिलं.

बॅन म्हणजे मात्रा नाही, अपवाद नाही. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशानं बंद झालं. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. कोणाच्या कोठीत जुना डबा निघालाच, तर ‘थोडंसंच मारतो’ हे वाक्य लिमिटचं झालं, आणि बॅनला ते लागू पडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. हे उदाहरण वर्गात सांगायला जड जातं, तरी सांगावं. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा. पण लाल त्रिकोण म्हणजे बॅन नव्हे. ही गल्लत मुलंच काय, मोठी माणसंही करतात.

व्याकरणात गुण जातात ते शब्दयोगींवर. लिमिट नाम म्हणून आलं तर पुढं बहुधा ‘ऑन’ किंवा ‘टू’ : ‘अ लिमिट ऑन स्पेंडिंग’, ‘देअर इज अ लिमिट टू माय पेशन्स’. लिमिट आणि रिस्ट्रिक्ट ही दोन्ही क्रियापदं ‘टू’ घेतात : ‘रिस्ट्रिक्टेड टू मेंबर्स’. बॅन नाम असेल तर ‘ऑन’, क्रियापद असून माणसाला अडवत असेल तर ‘फ्रॉम’ : ‘ही वॉज बॅन्ड फ्रॉम प्लेइंग’. प्रोहिबिटचंही तसंच, फक्त तो शब्द पाट्यांवर आणि कायद्यात शोभतो. ‘लिमिटेशन’चा रोजचा अर्थ उणीव किंवा अंगची मर्यादा असा आहे. वेगाला स्पीड लिमिटेशन म्हणत नाहीत. आणि ‘ऑफ लिमिट्स’ हे अनेकवचनीच वापरतात, त्याचा आकड्याशी संबंध नाही : पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटकांना ऑफ लिमिट्स असतो. आपल्याकडं वैतागून म्हणतात ती ‘लिमिट झाली राजा!’ मात्र इंग्रजी पेपरात लिहू देऊ नका.

प्रश्न (कारंजा तालुका) : आमच्या शेतकरी कंपनीच्या नावात लिमिटेड आहे. कंपनी बुडाली तर संचालकांच्या जमिनी जातील का?

उत्तर : लिमिटेडमुळं मर्यादा येते ती सभासदाच्या देण्याला. धंद्याला नाही. तुम्ही १,००० रुपयांचे शेअर घेतले आणि त्यातले ६०० भरले, तर कंपनी बुडाल्यावर तुमच्याकडून कायद्यानं मागता येतात ते उरलेले ४००. घर नाही, बैल नाही, जमीन नाही. सोसायटीच्या पाटीवर नावाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘मर्या.’ असतं, त्याचाही रोख हाच.

पण ही भिंत संचालक स्वतःच्या सहीनं पाडतात. बँक कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि बैठकीत चहा पिता पिता पाचही जण सह्या करतात. ती हमी दिल्यावर त्या कर्जापुरता लिमिटेडचा उपयोग संपला. बँक हमीदाराच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकते. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा : हमीची रक्कम आकड्यात लिहिली आहे का, ती याच कर्जापुरती आहे की ‘वेळोवेळी दिलेल्या सर्व कर्जांसाठी’, आणि संचालकपद सोडल्यावर ती सुटते का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. बँकेनं लेखी मोकळं केल्याशिवाय राजीनाम्यानं हमी संपत नाही. याशिवाय फसवणूक केली, सभासदांचे पैसे वळवले, तर लिमिटेडची ढाल मिळत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, ते केवळ आकडा भरायला घेतले असतील तर त्यांना हे आधी वाचून दाखवा.

प्रश्न (पुसद तालुका) : सीलिंगची लिमिट ५४ एकर म्हणतात. आमची सगळी मिळून ६० आहे, पण अर्धी विहिरीवर. मग?

उत्तर : ५४ एकर ही कोरडवाहूची मर्यादा. १९६१ च्या महाराष्ट्र सीलिंग, म्हणजे कमाल जमीनधारणा, कायद्यात दोन पिकांना खात्रीचं पाणी असेल तर १८, एका पिकाला असेल तर २७ एकर धरतात. मिश्र जमीन कोरडवाहूच्या मापात बदलतात : दोन पिकी एक एकर म्हणजे कोरडवाहू तीन. मात्र विहीर आहे म्हणून जमीन आपोआप वरच्या वर्गात जात नाही, पाण्याचा प्रकार आणि नोंदी पाहतात. ‘सगळी मिळून’ हेही तपासा. कायद्यातलं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान मुलाच्या नावची, त्याची स्वतःची जमीन वेगळी धरतात. पाचाहून जास्त माणसं असतील तर दर माणसामागं पाचवा हिस्सा वाढतो, दुपटीपर्यंत. सातबारे आणि फेरफार घेऊन महसुलातल्या जाणत्या वकिलाला दाखवा, गावच्या पारावर हा हिशेब होत नाही.

प्रश्न (तिवसा तालुका) : नातेवाइकाला चिठ्ठीवर ८० हजार हातउसने दिले. चार वर्षं झाली. वकील म्हणतात लिमिटेशन गेलं. म्हणजे पैसे बुडाले का?

उत्तर : देणं बुडालेलं नाही, दाव्याचा रस्ता बंद झाला. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं उसन्या पैशांसाठी तीन वर्षं मिळतात. लोक ही तीन वर्षं मागितल्या दिवसापासून मोजतात, तिथंच चुकतात. ‘मागाल तेव्हा देईन’ असं ठरलं असेल तर दिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. चिठ्ठीत परतफेडीची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून. तेव्हा आधी चिठ्ठी पुन्हा वाचा, तुमच्याकडं एखादं वर्ष शिल्लकही असू शकेल. समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्ट स्वतःहून दावा काढून टाकतं, त्यामुळं ‘नातं आहे, तो बोलणार नाही’ यावर विसंबू नका.

मुदत संपण्याआधी त्यानं ‘तुमचे एवढे देणं आहे’ असं लिहून सही दिली, किंवा थोडी रक्कम देऊन तसं स्वतःच्या अक्षरात वा सहीनं लिहून दिलं, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. तोंडी ‘देतो ना मामा, कापूस विकू द्या’ यानं एक दिवसही वाढत नाही. मुदत गेल्यावर नुसती कबुली पुरत नाही. ‘हे देणं मी फेडीन’ असं सहीचं लेखी वचन लागतं, आणि ते मिळालं तर करार कायद्याच्या कलम २५ खाली त्यावर नव्यानं दावा होतो. नातेवाईक सही द्यायला तयार असेल तर मजकुरात मूळ तारीख, मूळ रक्कम, उरलेली रक्कम आणि ‘फेडीन’ हा शब्द, एवढं असू द्या.